रीजन तपासायला ओबीडी डोंगल: पाचशेचा घ्यावा की अडीच हजारांचा?

घाट उतरणाऱ्या इलेक्ट्रिक गाडीवाल्यांची ठरलेली तक्रार असते, "आज रीजन लागतच नाही." रीजन म्हणजे ॲक्सिलरेटर सोडल्यावर मोटरनेच गाडी धरणं आणि बॅटरीत चार्ज परत टाकणं. ते नसेल तर ॲक्सिलरेटर सोडला तरी गाडी धरत नाही, पुढे पळते. पेट्रोल-डिझेलच्या गाडीला सोपा नियम होता: ज्या गिअरमध्ये चढलात त्याच गिअरमध्ये उतरा. इलेक्ट्रिकला तो गिअरच नाही. उतारावर मोटरच जनरेटर होते आणि गाडी धरून ठेवते. तिने हात सोडला की सगळा भार ब्रेकच्या डिस्कवर. पसरणी, यवतेश्वर, बोरणे, केळघर अशा घाटांच्या साताऱ्यात म्हणूनच एक गोष्ट घरच्या घरी कळायला हवी. रीजन न लागणं हा बिघाड आहे की बॅटरीने स्वतःहून घातलेली मर्यादा? स्टिअरिंगखालच्या ओबीडी सॉकेटमध्ये, म्हणजे गाडीची माहिती आणि बिघाड वाचायच्या जागी, लावायचा ब्लूटूथ डोंगल मोबाईलच्या ॲपवर हे सांगू शकतो. पण सगळे डोंगल नाही.

बाजारात ढोबळपणे दोन जाती आहेत. एक पाचशेच्या आसपासची, निळी किंवा काळी डबी, वर 'ईएलएम ३२७' असं छापलेलं. दुसरी दोन-अडीच हजारांपासून पुढची. पहिलीबद्दल आधी सांगून टाकतो: ती बहुतेक नक्कलच असते. ईएलएम ३२७ ही मुळात एका कॅनेडियन कंपनीची चिप. तिच्या पहिल्या आवृत्तीला कॉपीपासून संरक्षण नव्हतं, तिथून नकलांचा पूर आला. डबीवर 'व्ही १.५' लिहिलेलं असेल तर हसू येतं, कारण मूळ कंपनीने १.५ नावाची आवृत्ती कधी काढलीच नाही. 'व्ही २.१' छापलेल्यांत तर अनेकदा जुन्या आवृत्तीतल्याही काही कमांड नसतात.

पेट्रोल गाडीचा चेक इंजिन दिवा वाचायला ही नक्कल पुरते. इलेक्ट्रिकमध्ये ती नेमकी हवी तिथे अडते. बॅटरीचा मेंदू, म्हणजे बीएमएस, सेलची व्होल्टेज, तापमानं, चार्ज घ्यायची मुभा ही सगळी माहिती एका लांब संदेशात देतो आणि तो संदेश तुकड्यातुकड्यांनी येतो. पहिला तुकडा मिळाला की डोंगलने 'पुढचं पाठव' असं उत्तर वेळेत द्यावं लागतं. नक्कल डोंगल इथे गडबडतो. मग ॲपवर अर्धे रकाने भरलेले, अर्धे कोरे, किंवा मधेच 'बफर फुल' येतं. लोक समजतात गाडी माहिती देत नाही. गाडी देत असते, डोंगलला झेपत नसतं.

खरेदीआधी आणखी एक गोष्ट बघा. ॲपमध्ये तुमच्या मॉडेलचं प्रोफाइल, म्हणजे कोणती माहिती कुठे वाचायची याची यादी, आहे का? इलेक्ट्रिक गाड्यांची बॅटरीची माहिती प्रत्येक कंपनीच्या स्वतःच्या पत्त्यांवर असते, त्यामुळे प्रोफाइल नसेल तर अडीच हजारांचा डोंगलही मुका. ह्युंदाई कोनाची प्रोफाइलं जुनी आणि भरवशाची आहेत. चार्ज घ्यायची परवानगी किती किलोवॉटची आहे हा आकडा त्यात थेट मिळतो. आयफोन असेल तर डबीवर 'बीएलई' किंवा वायफाय लिहिलेलंच घ्या, साधं ब्लूटूथ त्याला चालत नाही.

आता चाचणी. यवतेश्वरच्या वळणांवर ती करू नये. कोरेगाव रस्त्यासारखा सरळ, मोकळा पट्टा आणि दोन माणसं हवीत. मोबाईल शेजारी बसलेल्याच्या हातात. बॅटरी ६० ते ७० टक्के, तिचं तापमान २५ ते ३५ अंश, रीजनची पातळी सर्वांत वरची, ड्राइव्ह मोड रोजचा. मागे वाहन नाही हे आरशात बघून ताशी ६० वर ॲक्सिलरेटर पूर्ण सोडा आणि २० पर्यंत ब्रेकला पाय लावू नका. स्क्रीनवर तीन आकडे एकत्र ठेवायचे: परवानगीचे किलोवॉट, प्रत्यक्ष परत येणारे किलोवॉट आणि बॅटरीचा करंट. बऱ्याच ॲपमध्ये बॅटरीत जाणारा करंट उणे चिन्हाने दिसतो, त्याने घाबरू नका. ३२० व्होल्टची बॅटरी २५ किलोवॉट परत घेत असेल तर करंट ७८ अँपिअरच्या आसपास हवा. गुणाकार जमत नसेल तर प्रोफाइल चुकीचं आहे. असं तीनदा करा, एकाच दिशेने. एका वाचनावर निष्कर्ष काढणं म्हणजे नाडी न बघता औषध देणं.

मग निवाडा सोपा आहे. परवानगीच कमी असेल तर कारण बॅटरीकडे. परवानगी भरपूर आणि प्रत्यक्षात काहीच येत नसेल तर ब्रेक, एबीएस (ब्रेक लावताना चाकं घसरू न देणारी यंत्रणा) किंवा सेटिंगकडे. हा एक फरक कळण्यासाठी डोंगलचे पैसे वसूल.

आपल्याकडच्या तक्रारींत बॅटरीचं पारडं जड असतं आणि त्यातही एक प्रकार वारंवार. महाबळेश्वर-पाचगणीच्या हॉटेलात रात्रभर गाडी लावली, सकाळी शंभर टक्के, आणि निघालो थेट उताराला. भरलेल्या बॅटरीत आणखी चार्ज ढकलला तर सेल ठरलेल्या व्होल्टेजच्या पलीकडे जातील. गाड्यांत लिथियम सेलचे मुख्य दोन प्रकार असतात; एनएमसी सेलला ती हद्द ४.२ व्होल्ट, एलएफपीला ३.६५. बीएमएस ते होऊ देत नाही, परवानगी आवळतो. एलएफपीत व्होल्टेज जवळजवळ शेवटपर्यंत सपाट राहून अगदी वर एकदम चढतं, म्हणून तिथे रीजन हळूहळू विरत नाही, झटक्यात जातं. उतारावर हे जास्त दचकवतं.

मग किती जागा ठेवायची? वाई आणि पाचगणी यांच्या उंचीत सुमारे सहाशे मीटरचा फरक आहे. माणसांसकट १,७०० किलोची गाडी तेवढी खाली आली की हिशेबाने २.८ युनिट मोकळे होतात. बारा-एक किलोमीटरच्या उतारात टायर आणि हवा मिळून पाऊण युनिट खातात. उरलेल्या दोनातला पाव भाग मोटर, इन्व्हर्टर आणि बॅटरी यांच्या देवघेवीत जातो. हाती दीड युनिट, म्हणजे ४० युनिटच्या बॅटरीचे चार टक्क्यांहून थोडे कमी. पाचगणीहून ९० वर निघालात तर वाईत ९३-९४ दिसायला हवं. ९१ दिसलं तर एसी, घाई आणि पायाचा ब्रेक यांचा वाटा धरा, बिघाड शोधू नका. हॉटेलातलं चार्जिंग ९० टक्क्यांवर थांबवलं की पसरणीपुरता प्रश्न मिटतो. 'घाट उतरताना बॅटरी फुल होते' म्हणणाऱ्यांना हा हिशेब दाखवावा.

दुसरं कारण थंडी. डिसेंबर-जानेवारीत वेण्णा तलाव आणि लिंगमळ्याकडे दव गोठतं. तिथे रात्रभर उघड्यावर उभ्या राहिलेल्या गाडीची बॅटरी सकाळी दहा अंशांच्या खाली असू शकते. थंड सेलमध्ये जोरात चार्ज कोंबला की लिथियम आत न शिरता इलेक्ट्रोडवर धातू होऊन चिकटतं आणि ते नुकसान भरून येत नाही. म्हणून परवानगी कमी. पहिली पंधरा-वीस मिनिटं सपाटीवर चालवली की आकडा वर सरकताना दिसतो. तो सरकतोय, तर गाडी निरोगी आहे. मे महिन्यात हायवेवर फास्ट चार्जिंग करून लगेच खंबाटकी चढलात तर उलट टोक गाठतं: बॅटरी तापलेली, परवानगी पुन्हा कमी.

या दोन्हींत न बसणारी एक केस अशी की टक्के ७५, तापमान ३०, तरी परवानगी कमी. इथे सर्वांत वरच्या आणि सर्वांत खालच्या सेलचं व्होल्टेज बघा. बीएमएस सरासरीकडे बघत नाही, सर्वांत वरच्या सेलकडे बघतो. फरक १०-२० मिलीव्होल्ट असेल तर ठीक. स्थिर गाडीत तो १०० च्या घरात असेल तर घरच्या साध्या चार्जरने शंभरपर्यंत भरून काही तास प्लग लावूनच ठेवा, बॅलन्सिंग होऊ द्या, म्हणजे सगळे सेल एका पातळीवर येऊ द्या. दोन-तीनदा करूनही एकच सेल नंबर वर उठत असेल तर तो मॉड्यूलचा (बॅटरीतल्या सेलच्या गठ्ठ्याचा) प्रश्न, वॉरंटीत जायचं. नारिंगी, म्हणजे मोठ्या व्होल्टेजच्या, वायरींना घरी हात नाही, एवढं सांगायलाच हवं.

ब्रेकच्या बाजूला आधी फुकटच्या गोष्टी. सॉफ्टवेअर अपडेटनंतर रीजनची पातळी मूळ सेटिंगवर गेली का? ड्राइव्ह मोड बदलला का? कोणी पेट्रोलच्या सवयीने उतारावर न्यूट्रल टाकतंय का? न्यूट्रलमध्ये रीजन नाही. पॅडलवर पातळी बदलणाऱ्या गाडीत नकळत बोट लागून शून्यावर जाणं तर रोजचं.

खरा बिघाड बहुतेकदा चाकाच्या स्पीड सेन्सरचा. चाक घसरतंय असं वाटलं की एबीएस पहिल्यांदा रीजन तोडतो. पुढची चाकं चालणाऱ्या गाडीत रीजन फक्त पुढच्याच चाकांवर असतं, म्हणून ओल्या रस्त्यावर खड्ड्यातून जाताना क्षणभर गाडी सुटल्यासारखी वाटते. तेवढं चालायचंच. पण कोरड्या रस्त्यावर वारंवार होत असेल तर चारही चाकांचे वेग ॲपवर लावा आणि ताशी २० ने सरळ चला. तीन रकाने २० आणि एक मधेच शून्य, चोर सापडला. ऊस हंगामात ट्रॉल्यांमागून आलेला काळ्या मातीचा चिखल सेन्सरच्या तोंडाशी वाळून बसतो, वर डिस्कची लोखंडी भुकटी. पुष्कळ गाड्यांत सेन्सर १० मिलिमीटरच्या एकाच बोल्टवर असतो. हाताने हलवत काढा, हातोडी नको, तो आतच तुटतो. मऊ ब्रश, कॉन्टॅक्ट क्लीनर, कनेक्टरमध्ये पाणी नाही ना ते बघणं, बस. बेअरिंग नुकतंच बदललं असेल आणि तेव्हापासून त्रास असेल तर चुंबकीय कडी असलेली बाजू उलटी बसली का, हे मेकॅनिकला विचारा. बिघाडाचा कोड वाचता आला तर सी००३५ म्हणजे पुढचं डावं, सी००४० पुढचं उजवं, सी००४५ आणि सी००५० मागची दोन. पण हे कोड एबीएस मॉड्यूलमध्ये असतात आणि पाचशेचा डोंगल तिथवर पोचतच नाही. 'कोड नाही' असं सांगून मोकळा होतो. त्याच्या खोटेपणात मला हा सर्वांत घातक वाटतो.

ब्रेक पेडलचा स्विच अडकला तर गाडीला वाटतं पाय ब्रेकवरच आहे. खूण सोपी: क्रूझ कंट्रोल लागत नाही, आणि रात्री भिंतीकडे पाठ करून उभी केली तर लाल उजेड विझत नाही. संबंधित कोड पी०५०४ किंवा पी०५७१.

राहिली १२ व्होल्टची छोटी बॅटरी. ती खचली की एबीएस, स्टिअरिंग, रीजन असे दिवे एकामागून एक लागतात आणि माणूस मोठ्या बॅटरीच्या काळजीत पडतो. गाडी रात्रभर उभी असताना १२.४ ते १२.६, आणि 'रेडी' झाल्यावर साडेतेरा ते साडेचौदा व्होल्ट हवेत. गंमत म्हणजे हे एकच माप पाचशेचा डोंगलही देतो, कारण ते सॉकेटच्या १६ नंबरच्या पिनवरून तो स्वतः मोजतो, गाडीला विचारत नाही. दोन-तीन दशांश चुकतो, मल्टिमीटरने एकदा ताडून घ्या.

डोंगलला जे अजिबात दिसत नाही ते म्हणजे गंजलेली डिस्क आणि अडकलेला कॅलिपर (डिस्कवर ब्रेक पॅड दाबणारा भाग). रीजनमुळे पायाचा ब्रेक कमी लागतो, त्यात महाबळेश्वर-बामणोलीकडचा पाऊस. कॅलिपरच्या स्लाइड पिना जाम होतात. गाडी जरा जास्तच धरते, रेंज घटते, आणि मालक खूश की रीजन जोरात आहे! ब्रेक न लावता पाच-सहा किलोमीटर चालवून इन्फ्रारेड थर्मामीटरने चारही डिस्क मोजा. डाव्या-उजव्यात तीस अंशांचा फरक म्हणजे पिना काढून साफ करणं आणि सिलिकॉन ग्रीस. पावसाळ्यात आठवड्यातून एकदा रीजन सर्वांत खाली ठेवून मोकळ्या रस्त्यावर ५० वरून १० पर्यंत आठ-दहा वेळा ब्रेक मारले तर ही वेळच कमी येते.

तर पाचशेचा डोंगल फक्त १२ व्होल्ट बघायला; त्याच पैशात मल्टिमीटर येतो, तो घ्या. अडीच हजारांचा, प्रोफाइल आधी तपासून, घ्यावा. कोणताही घेतला तरी काम झालं की काढून ठेवायचा. १६ नंबरची पिन गाडी बंद असतानाही चालू असते. चाळीस मिलिअँपिअर ओढणारा डोंगल दिवसाला जवळजवळ एक अँपिअर-अवर खातो. महिनाभर उभ्या गाडीत राहिला तर १२ व्होल्टची बॅटरी संपवून तोच सगळे दिवे लावेल. आणि कोड पुसायचं बटण दाबण्याआधी स्क्रीनशॉट. पुसलेला कोड सर्व्हिस सेंटरला सापडत नाही, मग 'नॉर्मल आहे' असा शेरा मिळतो.

जॉब कार्डवर 'रीजन कमी लागतं' असं लिहून देऊ नका. असं लिहा: चार्ज ६५ टक्के, बॅटरी ३१ अंश, रीजन पातळी ३, परवानगी ६० किलोवॉट, ताशी ६० वर प्रत्यक्ष ४, तीनही वेळा तेच, मागचं डावं चाक ताशी २० वर मधेच शून्य दाखवतं. आणि खाली सही करण्याआधी सल्लागाराने ते जसंच्या तसं टाइप केलंय का ते वाचून घ्या.