सीओडी आहे म्हणजे फसणार नाही, असं वाटत असेल तर हे वाचा

गुडघेदुखीची पावडर किंवा शुगर मुळापासून घालवणारा काढा असलं काही तुमच्या घरात कोणी फोनवरून मागवत असेल तर हे वाचाच. जरा लांबलंय, पण "आमची आत्या फसली, तुम्ही फसू नका" एवढंच लिहून काही उपयोग नाही, कारण फसवायची ही पद्धत काल-परवा निघालेली नाहीये. मी जुनी मासिकं स्कॅन करायचं काम करते, आणि ब्रिटिशांच्या काळातल्या अंकांची शेवटची पानं म्हणजे नुसती औषधांची जाहिरातबाजी असते. आत्याचा किस्सा कळला तेव्हा मला ती पानंच आठवली, यातलं एकही पाऊल नवीन नव्हतं.

आत्या अडुसष्ट वर्षांची, कराडजवळच्या गावात एकटी राहते, मुलगा पुण्यात. फेसबुकवर तिला एक व्हिडिओ दिसला, अगदी न्यूज चॅनेलसारखा सेट, खाली पट्टी धावतेय, निवेदिका सांगतेय की गुडघ्याच्या ऑपरेशनची गरजच संपली. खाली "मोफत सल्ला" म्हणून नंबर टाकायचा होता, आत्याने टाकला. थोड्या वेळात "डॉक्टर मॅडम" चा फोन. आई, सकाळी उठल्यावर पाय जड वाटतात का, जिना उतरताना गुडघ्यात कट् असा आवाज येतो का, रात्री मधेच जाग येते का? आता अडुसष्टाव्या वर्षी यातलं कोणाला होत नाही सांगा! पण आत्याला वाटलं बाईंनी फोनवरून बरोबर ओळखलं. तीन महिन्यांचा कोर्स, चार हजार आठशे रुपये, आणि पैसे आधी नाही, पार्सल आल्यावर, म्हणजे सीओडी (कॅश ऑन डिलिव्हरी). इथेच ती निश्चिंत झाली. पैसे आधी द्यायचे नाहीत तर फसवतील कसे, असं तिचं म्हणणं.

पार्सल आलं. आत्या म्हणाली खोका उघडून बघते मग पैसे देते, तर कुरियरवाला पोरगा म्हणाला आजी तशी परवानगी नाही, आधी पैसे. त्या पोराचा काही दोष नाही, त्याला आत काय आहे ते माहीतही नसतं. पण सगळी मेख तिथेच आहे.

पोस्टाची व्ही.पी. आठवतेय का कोणाला? भारतात ती १८७७ मध्ये सुरू झाली. पोस्टमन पार्सल घेऊन दारात यायचा, किंमत मोजून व्हीपी सोडवून घ्यायची, मग ते पैसे मनीऑर्डरने पाठवणाऱ्याला जायचे. फार चांगली सोय होती ती, खेड्यातल्या माणसाला पुस्तकं, बी-बियाणं, घड्याळ घरबसल्या मिळायला लागलं. पण खोका फोडायच्या आधी पैसे गेलेले असायचे आणि आत काय निघालं त्याला पोस्ट जबाबदार नसायचं. आत काय आहे ते गुप्त ठेवून औषधं विकणाऱ्यांनी हे बरोबर हेरलं. दुकानात ठेवायची गरज नाही, तोंड दाखवायची गरज नाही, एक पत्ता आणि मासिकात पाव पान जागा घेतली की झालं. त्या पानांवर बघा, कोणी राजवैद्य, कोणी सुवर्णपदक मिळवलेला, खाली कुठल्या तरी साहेबाचं सर्टिफिकेट, बरोबर घड्याळ फुकट, माहितीचं पुस्तक फुकट, फक्त पत्ता स्पष्ट लिहून पाठवा. तो "मोफत सल्ला" वाला फॉर्म म्हणजे हेच फुकट पुस्तक. त्यांना पुस्तक द्यायचं नसायचं, तुमचा पत्ता आणि तुमचं दुखणं हवं असायचं.

बातमीसारखी जाहिरात हाही जुनाच उद्योग. डॉक्टर विल्यम्स पिंक पिल्स नावाच्या गोळ्या कॅनडात बनायच्या आणि अख्ख्या ब्रिटिश साम्राज्यात खपायच्या, त्यांची जाहिरात म्हणजे छापील बातमीच वाटायची, अमक्या गावचा माणूस अंथरुणाला खिळला होता, सगळे उपाय थकले, मग या गोळ्या घेतल्या आणि उठून कामाला लागला. गोळ्यांमधला मुख्य माल काय, तर लोहाचा क्षार.

आता खरी भीतीची गोष्ट. आत्याला पावडरने बरं वाटलं! पहिल्या आठवड्यातच. जिना चढायला लागली, शेजारच्या दोघींना नंबर पण दिला. आम्हाला कळलं तेव्हा आम्ही बोलायला गेलो तर उलट आम्हालाच ऐकवलं, तुमच्या डॉक्टरांनी वर्षभर काय केलं म्हणे. अशा वेळी समोरचा माणूस ऐकतच नाही, कारण गुण तर डोळ्यांसमोर दिसतोय.

पण लगेच गुण येणं हाच संशयाचा मुद्दा आहे. क्लोरोडाइन म्हणून एक औषध होतं, जॉन कॉलिस ब्राऊन नावाच्या ब्रिटिश सैन्यातल्या डॉक्टरने इथे भारतात असताना १८४८ च्या सुमारास पटकीवर, म्हणजे कॉलऱ्यावर, तयार केलेलं. पुढे ते खोकला, जुलाब, झोप न येणं, सगळ्यावर विकलं गेलं. आणि ते "लागू" पडायचंही, पडणारच, कारण आत अफू, क्लोरोफॉर्म आणि गांजाचा अर्क होता. जुलाब थांबायचे, वेदना थांबायच्या, आणि कित्येकांना त्याचं व्यसन लागायचं. म्हणजे सगळ्या बाटल्यांमध्ये रंगीत पाणी असतं हा समज सोडून द्या, निदान त्याने पैशावर निभावतं. खरं जालीम औषध नाव न सांगता घातलेलं असतं तेव्हा जास्त धोका असतो.

आत्याचं तेच झालं. दोनेक महिन्यांत तोंड गोल सुजल्यासारखं दिसायला लागलं, जरा कुठे लागलं की काळंनिळं, आणि कधी नव्हे ती शुगर वाढलेली. कराडच्या डॉक्टरांनी बघताक्षणी विचारलं, कुठली पावडर घेताय? रक्तातलं कॉर्टिसॉल, म्हणजे शरीर स्वतः बनवतं ते स्टेरॉइड, तपासलं, ते खूप खाली गेलेलं. त्यांचं म्हणणं पावडरीत स्टेरॉइड असणार, शरीर स्वतःचं बनवायचं थांबलंय. आणि हे नीट वाचा, असली पावडर बरेच दिवस घेतलेली असेल तर घाबरून एकदम बंद करू नका, लगेच डॉक्टरकडे जाऊन डबा दाखवा. अचानक तोडलं तर बीपी कोसळू शकतं. आत्याला डॉक्टरांनी स्टेरॉइडच्याच गोळ्या चालू करून त्यांचा डोस हळूहळू कमी केला.

डब्यावर काय लिहिलेलं? शंभर टक्के आयुर्वेदिक. आयुर्वेदाला नावं ठेवायची नाहीयेत, समोर बसवून नाडी बघणारा वैद्य वेगळा आणि हे लोक वेगळे. डब्यावर लायसन्स नंबर पण होता, आत्या म्हणे बघ सरकारी नंबर आहे. नीट वाचलं तर तो एफएसएसएआयचा, म्हणजे खाद्यपदार्थाचा! औषधाचा नाहीच. ही गंमत तर अडीचशे वर्षांची व्हायला आली. ब्रिटनमध्ये १७८३ पासून पेटंट औषधांवर, म्हणजे नावाने विकल्या जाणाऱ्या असल्याच तयार औषधांवर, टॅक्स होता आणि तो भरल्याचा सरकारी स्टँप बाटलीला चिकटवावा लागायचा. ती नुसती टॅक्सची पावती, पण लोकांना वाटायचं सरकारने तपासून पास केलंय, आणि कंपन्याही सांगायच्या, सरकारी स्टँप बघूनच घ्या. बीचम्स पिल्स नावाच्या पोट साफ करायच्या गोळ्यांची डबी एक शिलिंग दीड पेनीला मिळायची त्यातली दीड पेनी त्या स्टँपची. १९०९ मध्ये तिथल्या डॉक्टरांच्या संघटनेने या गोळ्या तपासल्या तर आत काळा बोळ (कोरफडीचा सुकवलेला रस), सुंठ आणि साबण निघाला, आणि छप्पन गोळ्यांच्या मालाची किंमत साधारण अर्धा फार्दिंग (फार्दिंग म्हणजे पाव पेनी), म्हणजे गिऱ्हाइकाने मोजलेल्या पैशाचा शंभरावा हिस्सा.

"डॉक्टर मॅडम" चं पण सांगते. आम्ही त्यांच्याशीच बोलायचं म्हणून फोन लावला तर दर वेळी वेगळाच आवाज, नाव मात्र तेच. अमेरिकेत लिडिया पिंकहॅम या बाईंच्या नावाने बायकांचं टॉनिक खपायचं, जाहिरातीत लिहिलेलं असायचं, मिसेस पिंकहॅमना मनमोकळं पत्र लिहा. बाई वारल्या १८८३ मध्ये. पत्रांना उत्तरं पुढेही येत राहिली, शेवटी १९०५ मध्ये एका मासिकाने त्यांच्या थडग्याचा फोटोच छापला.

आत्याने मुलाला सांगितलं नाही कारण तो ओरडला असता, आणि या धंद्याला असं गप्प बसणारं गिऱ्हाईकच लागतं. जुन्या पानांवर सगळ्यात जास्त जाहिराती धातुदौर्बल्याच्या, तरुण पोरांना आधी घाबरवायचं आणि मग गोळी विकायची, फसलेला पोरगा तक्रार कोणाकडे करणार? र. धों. कर्व्यांनी १९२७ पासून 'समाजस्वास्थ्य' या आपल्या मासिकातून या विषयांवर सरळ शास्त्रीय माहिती द्यायला सुरुवात केली तर त्यांच्यावर अश्लीलतेचे खटले झाले, शक्तीच्या गोळ्यांच्या जाहिराती मात्र छापल्या जातच राहिल्या. मला त्याची अजून चीड येते.

कायदा आहे बरं का. १९५४ चा ड्रग्ज अँड मॅजिक रेमेडीज कायदा, त्याच्या यादीत ५४ आजार आहेत, मधुमेह, कॅन्सर, संधिवात, लठ्ठपणा, ब्लडप्रेशर सगळं आहे, आणि यातलं काही बरं करतो अशी औषधाची जाहिरात करणं हाच गुन्हा. म्हणजे औषध चांगलं का वाईट या वादात पडूच नका, जाहिरातीचा स्क्रीनशॉट काढा आणि अन्न व औषध प्रशासनाकडे तक्रार करा. ग्राहक हेल्पलाइन १९१५, आणि ऑनलाइन पैसे गेले असतील तर लगेच १९३०. पार्सल दारात आलं असेल आणि उघडू देत नसतील तर सरळ घेऊ नका, परत पाठवा, कोणी काही करू शकत नाही. धमकीचे फोन येतात, आत्याला पण आला, "ऑर्डर कॅन्सल केली तर केस होईल" म्हणे, त्यात काही अर्थ नसतो. रिकामा डबा, बिल, कुरियरची चिठ्ठी टाकून देऊ नका.

आमचे चार हजार आठशे काही परत आलेले नाहीत. नंबर बंद, डब्यावरचा पत्ता खोटा. आणि आत्याचा मोबाईल नंबर यांनी पुढे विकलाय हे नक्की. अमेरिकेत पूर्वी आजारी लोकांनी पाठवलेली पत्रं गठ्ठ्याने भाड्याने मिळायची दुसऱ्या औषधवाल्यांना, तसंच हे. आता तिला कसलेही फोन येतात, परवा एकाने उंची वाढवायचं चूर्ण घ्या म्हणून सांगितलं. आत्या म्हणाली, अरे बाळा मी अडुसष्ट वर्षांची आहे, तर तो म्हणतो, मग नातवासाठी घ्या की आई, सीओडी आहे.