वजन कमी करायच्या गोळ्या: कॅप्सूल, ऑरलिस्टॅट की इंजेक्शन?

माझी मावसबहीण कोल्हापुरात राजारामपुरीत राहते, उंची पाच फूट दोन इंच आणि वजन 80 किलो, म्हणजे बीएमआय (उंचीच्या मानानं वजनाचा आकडा) 32 च्या आसपास. आपल्या भारतीय लोकांना 25 च्या वर लठ्ठपणा धरतात, त्यामुळं तिची काळजी उगाच नाही. तिच्यापुढं तीन रस्ते आहेत, मैत्रिणीनं दिलेल्या 'हर्बल' कॅप्सूल, मेडिकलमधली ऑरलिस्टॅट, नाहीतर आठवड्याचं इंजेक्शन. महिनाभर मी पण यातच डोकं घातलंय.

आधी कॅप्सूल, कारण सगळ्यात जास्त भीती मला त्यांचीच वाटते. आमच्या काकूंनी दोन वर्षांपूर्वी घेतलेल्या, डब्यावर ना कंपनीचा पत्ता ना धड नाव, आठ दिवसांत भूक गेली म्हणून खूश झाल्या आणि मग झोप पण गेली, रात्री छातीत धडधडायला लागलं, शेवटी ईसीजी काढायला पळवत न्यावं लागलं. तो डबा कुणी लॅबला दिला नाही, पण अशा 'नैसर्गिक' कॅप्सूलमध्ये सिब्युट्रामिन हे भूक मारणारं औषध मिसळलेलं जगभर बऱ्याच वेळा सापडलंय. हार्ट अटॅक आणि स्ट्रोकचा धोका वाढतो म्हणून हे औषध 2010 मध्ये अमेरिका-युरोपात बंद झालं, आपल्याकडं 2011 ला बंदी आली. आणि भेसळ नसली तरी उपयोग काय? गार्सिनिया म्हणून जे विकतात ते आपल्या कोकमाच्या भावकीतलंच फळ, त्याची 1998 मध्ये 135 लोकांवर 12 आठवडे चाचणी झालेली, साध्या खोट्या, म्हणजे औषध नसलेल्या गोळीपेक्षा काही फरक पडला नाही. लिव्हर बिघडल्याच्या केसेस मात्र आहेत.

ऑरलिस्टॅट खरं औषध आहे, काम पण करतंय, पण थोडं. जेवणातलं साधारण 30 टक्के फॅट पचू देत नाही, ते तसंच बाहेर पडतंय. वर्षभरात खोट्या गोळीपेक्षा सरासरी 3 किलो जास्त उतरतात, आणि ते पण खाणं सांभाळून. आपल्या इथली खरी अडचण वेगळीच, मिसळीचा कट किंवा तांबड्या रश्शावरची तर्री खाऊन ही गोळी घेतली तर तेलकट जुलाब होतात, कपडे खराब होतात, बाहेर पडायची सोय राहत नाही. बहिणीची थायरॉईडची गोळी चालू आहे, तिच्यात आणि ऑरलिस्टॅटमध्ये चार तासांचं अंतर लागतंय, हे तिला मेडिकलवाल्यानं सांगितलंच नव्हतं. ए, डी, ई, के ही व्हिटॅमिनं पण कमी पडू शकतात.

इंजेक्शनचा आकडा मात्र मोठा आहे. सेमाग्लुटाइड या आठवड्याच्या इंजेक्शनच्या चाचणीत 68 आठवड्यांत सरासरी 15 टक्के वजन उतरलं, बहिणीच्या हिशेबानं 12 किलो. टिरझेपॅटाइड या दुसऱ्या इंजेक्शननं तर त्याहून जास्त. पोट लवकर भरल्यासारखं वाटतं, भूकच लागत नाही. पण मळमळ, उलट्या, बद्धकोष्ठता बऱ्याच जणांना होतंय, स्वादुपिंडाला सूज येऊन गेली असेल किंवा घरात मेड्युलरी थायरॉईड कॅन्सर असेल तर नकोच, दिवस राहायचे असतील तर आधीच बंद करावं लागतंय. आणि बंद केल्यावर वर्षभरात उतरलेल्यातलं दोन तृतीयांश वजन परत आलेलं दिसलंय. म्हणजे खर्च महिन्या-दोन महिन्यांचा धरून चालायचंच नाही.

रंकाळ्याला रोज फेऱ्या मारणं कुठल्याही रस्त्यात सुटत नाही, इंजेक्शन घेणाऱ्यांना तर जास्तच गरजेचं, कारण चरबीबरोबर स्नायू पण उतरतात.

माझं मत विचाराल तर तिनं कॅप्सूल आजच बंद कराव्यात, ऑरलिस्टॅटवर पैसे घालू नयेत, आणि इंजेक्शनचं वर्षभर झेपणार असेल तरच सुरू करावं. सोमवारी शुगर, थायरॉईडची टीएसएच आणि लिव्हरच्या टेस्ट करायच्यात, रिपोर्ट आले की मी तिच्याबरोबर डॉक्टरकडं जाणार आहे, आणि तो कॅप्सूलचा डबा पण पिशवीत घे म्हणून सांगितलंय.