पु. लं.चा टाइप शोधायचा तर कोणती साइट कामाची?

विनोदवीराचा चार अक्षरी पर्सनॅलिटी टाइप कॉग्निटिव्ह फंक्शन्सवरून, म्हणजे माहिती टिपण्याच्या आणि निर्णय घेण्याच्या आठ मानसिक पद्धतींवरून, काढायचा म्हटलं की लोक साधारण तीन ठिकाणी जातात: सिक्स्टीन पर्सनॅलिटीज, साकिनोर्वा आणि पर्सनॅलिटी डेटाबेस. तिन्ही फुकट वापरता येतात, पण तिघांचं काम वेगळं आहे, आणि तिथेच गल्लत होते. पारखायला इथे पु. ल. देशपांडे घेतले आहेत, कारण त्यांचे प्रयोग, लेखन आणि भाषणं तिन्ही मुबलक उपलब्ध आहेत.

सिक्स्टीन पर्सनॅलिटीज या कामाला उपयोगी नाही. अक्षरं ओळखीची दिसतात, पण मोजली जातात ती स्वभावाची पाच मापं. म्हणून तर टाइपच्या शेवटी ए (असर्टिव्ह) किंवा टी (टर्ब्युलंट) लागतो. मानसशास्त्रज्ञ कार्ल युंगची फंक्शन्स आपण वापरत नाही, हे साइटच सांगते. तरीही तिथे ईएनएफपी आलं की लोक लगेच एनई-एफआय (एनई म्हणजे शक्यता शोधत जाणं, एफआय म्हणजे स्वतःच्या मनाच्या मूल्यांवरून ठरवणं) लिहून मोकळे होतात. या उडीला काहीच आधार नाही.

साकिनोर्वा मात्र ९६ प्रश्नांतून आठही फंक्शन्सचे वेगवेगळे गुण देते, आणि वेगवेगळ्या पद्धतींनी निघणारे टाइप शेजारी शेजारी दाखवते. ते एकमेकांशी जुळले नाहीत तर वैतागू नका. नेमकं कुठल्या फंक्शनवर घोडं अडलंय ते त्यातूनच कळतं. मर्यादा एवढीच की ही स्वतःबद्दल भरायची चाचणी आहे. पु. लं.च्या वतीने उत्तरं दिली तर आपल्या मनातले पु. ल. मोजले जातात. त्यामुळे गुणांकडे न बघता प्रश्नांचा यादीसारखा वापर करा. प्रत्येक उत्तरासाठी त्यांचं एखादं वाक्य किंवा कृती दाखवता आली पाहिजे. नाही सापडली तर मधला पर्याय.

ती वाक्यं शोधताना सामग्रीचे तीन ढीग करावेत: बसवलेला प्रयोग, उत्स्फूर्त बोलणं आणि आयुष्यातले निर्णय. पहिल्या ढिगातून किमान वीस विनोद घ्या आणि प्रत्येकापुढे दोनच गोष्टी लिहा: विनोद कुठून सुटला आणि कुठे पोचला. ‘म्हैस’ घ्या. एस.टी.खाली म्हैस येते, गाडी थांबते, आणि पुढचा सगळा विनोद त्या एकाच घटनेभोवती फिरतो. कल्पना फार लांब पळत नाही. प्रत्येक माणसाचा हेल, त्याची खोड, त्याची बोलण्याची तऱ्हा तंतोतंत जपलेली असते. ही साठवणूक म्हणजे एसआय. नक्कल आहे म्हणून एसई लिहिण्याची चूक इथे हमखास होते, पण एसई समोर आत्ता जे घडतंय त्यावर स्वार होतो, आणि इथे तर वर्षानुवर्षांचं निरीक्षण पुन्हा उभं केलंय. उलट ‘उपास’मध्ये चाळीतला जो तो वजन उतरवायचा नवा उपाय सुचवतो आणि एका विषयाला फाटे फुटत जातात. तिथे एनई उघड दिसतो. म्हणजे एनई-एसआय ही जोडी (हिलाच अक्ष म्हणतात) पक्की. प्रश्न उरतो दोघांत जास्त बळकट कोण याचा.

दुसरी गाठ एफई की एफआय. पु. लं.चा निवेदक बहुतेक वेळा टोमणा स्वतःवर घेतो, आणि अंतू बर्व्यासारख्या तिरकस माणसालाही वाचकाच्या मायेत आणून सोडतो. समोरच्या सभागृहाचा भाव सांभाळणं हे एफईचं काम. विरोधात पुरावा आहे तो आणीबाणीतला ठाम विरोध आणि १९७७च्या निवडणुकीतली भाषणं. अनेकजण एवढ्यावर एफआय ठरवतात. नुसता निर्णय दोन्ही बाजूंनी वाचता येतो. निर्णयाचं कारण ‘माझ्या मनाला पटत नाही’ असं दिलंय की ‘समाजाचं काय होईल’ असं, ते भाषणात तपासायला हवं.

माझं मत ईएसएफजे, म्हणजे बळाच्या क्रमाने एफई-एसआय-एनई-टीआय (टीआय म्हणजे स्वतःच्या तर्काने तपासणं). कोट्या आणि हजरजबाबीपणा पाहून ईएनटीपी म्हणणाऱ्यांचा मुद्दा हलका नाही, कारण फंक्शन्स तीच चार आहेत, क्रम तेवढा निराळा. पण ईएनटीपीत एसआय शेवटी जातो, आणि ज्याच्या विनोदाचा पायाच माणसांच्या बारकाव्यांच्या आठवणीवर आहे त्याच्या बाबतीत ते पटत नाही.

पर्सनॅलिटी डेटाबेसवर टाइप मतांनी ठरतो. विनोदी माणूस दिसला की ईएनटीपी किंवा ईएनएफपी ही सवय सगळीकडेच आहे, तेव्हा आकड्याला फार किंमत देऊ नये. खालच्या चर्चा मात्र जरूर वाचाव्यात. एखाद्या मुलाखतीतलं नेमकं वाक्य पुढे करून वाद घालणारे मोजकेच असतात, पण त्यांच्यामुळे नवी सामग्री हाती लागते.

तिघांत पहिली पसंती साकिनोर्वाला, फक्त तिच्या गुणांना पुरावा समजू नका. आठ फंक्शन्सच्या या मांडणीला संशोधनाचा भक्कम आधार नाही; १९२१ साली युंगने मांडलेल्या कल्पनांवर पुढे अनेकांनी चढवलेली ही इमारत आहे. विनोदाची जडणघडण बोलून दाखवायला शब्द मिळतात, हा तिचा खरा फायदा.

हयात स्टँडअप कलाकार निवडलात तर रील्स बाजूला ठेवा. हशाच्या जागा जोडून कापलेल्या क्लिपमध्ये प्रत्येकजण एनईवाला वाटतो. तासाभराचा न कापलेला पॉडकास्ट घ्या, आणि प्रश्न अनपेक्षित आल्यावर पहिल्या दोन वाक्यांत तो माणूस आठवणीकडे वळतो, शक्यतांकडे की समोरच्याच्या मूडकडे, ते टिपून ठेवा.