एक्सेलमध्ये गोदामाचा नकाशा: आठ महिन्यांच्या वापरानंतर

चित्र काढायला एक्सेल कोण वापरतं, असं मीही म्हणायचो. आता आठ महिने रोज वापरतोय, तेही गोदामाचा आराखडा आणि माल आत येण्यापासून बाहेर जाईपर्यंतच्या कामाचा फ्लोचार्ट यांसाठी. रॅक 84, बाण किती ते मोजलेले नाहीत. कारण साधं आहे: मालाची यादी आधीपासून याच फाइलमध्ये होती आणि ती उघडणाऱ्या प्रत्येकाकडे एक्सेल होतंच. वेगळं ड्रॉइंग सॉफ्टवेअर घेतलं असतं तर नकाशा फक्त माझ्याच मशीनवर उघडला असता.

या वेडात मी एकटा नाही. जपानचे तात्सुओ होरिउची निवृत्तीच्या सुमारास एक्सेलच्या शेप्समधून, म्हणजे शीटवर ओढून काढायच्या चौकोन, गोल, बाण अशा तयार आकृत्यांमधून, निसर्गचित्रं काढायला लागले आणि 2006 साली ऑटोशेप (शेप्सचंच जुनं नाव) चित्रांच्या स्पर्धेत पहिले आले. जपानी कचेऱ्यांमध्ये तर सगळे सेल चौकोनी करून शीटचा आलेखकागद करायची जुनी सवय आहे, तिला तिकडे नावही आहे. माझी कला तेवढी नाही. मला सरळ रेषा आणि त्यांच्या आत वाचता येईल असा मजकूर, एवढंच हवं होतं. रेषा पहिल्याच दिवशी जमल्या. मजकुराने आठ महिने घेतले.

आधी रेषांचं उरकून टाकतो. कॅलिब्री 11 हा फॉन्ट असताना रोची उंची 15 आणि कॉलमची रुंदी 2.14 ठेवली की प्रत्येक सेल 20 बाय 20 पिक्सेलचा चौकोन होतो. उंची पॉइंटमध्ये आणि रुंदी अक्षरांमध्ये मोजतात, त्यामुळे दोन्हीकडे एकच आकडा घालून चौकोन मिळत नाही. सुरुवातीला मी तोच घालत बसलो होतो. एक चौकोन म्हणजे अर्धा मीटर धरला. 30 बाय 18 मीटरचं गोदाम 60 कॉलम आणि 36 रोमध्ये बसलं. शेप ओढताना ऑल्ट दाबून धरलं की कडा सेलच्या रेषेला चिकटते, शिफ्ट धरलं की रेष तिरकी जात नाही आणि कंट्रोल धरून ओढलं की त्याच शेपची दुसरी प्रत निघते. या तीन कळा हाताला बसल्या की रॅकची ओळ पाच मिनिटांत उभी राहते. रेषांबद्दल माझी तक्रार नाही.

आता मजकूर. अडीच मीटर बाय एक मीटरचा रॅक माझ्या शीटवर 100 बाय 40 पिक्सेलचा येतो. त्यात मला दोन ओळी हव्या होत्या, वर रॅकचा नंबर आणि खाली माल. लिहायला घेतलं तर पहिली ओळ कशीबशी दिसली, दुसरी गायब. शेपच्या आत मजकुराभोवती आपोआप समास सुटतो, डावी-उजवीकडे इंचाचा दहावा भाग आणि वर-खाली त्याच्या निम्मा. पडद्यावर हे साधारण दहा आणि पाच पिक्सेल होतात. म्हणजे 40 पैकी हातात राहतात 30, आणि त्यात 11 च्या फॉन्टच्या देवनागरी दोन ओळी मावणं शक्यच नाही. आपल्या लिपीला वर वेलांटी, खाली उकार, दोन्हीकडून जागा लागते. फॉरमॅट शेपमध्ये जाऊन चारही समास शून्य केले, फॉन्ट 8 वर आणला, मजकूर मध्यभागी घेतला, तेव्हा कुठे 'आर-17' आणि त्याखाली 'नटबोल्ट' एकत्र दिसले. त्यानंतर शहाणपणा सुचला. त्या एका बॉक्सवर राइट क्लिक करून 'सेट अ‍ॅज डिफॉल्ट शेप' दिलं, म्हणजे पुढचे बॉक्स तसेच निघतील. 22 बॉक्स हाताने दुरुस्त करून झाल्यावर हे सुचलं, हे वेगळं.

बॉक्सवर क्लिक केलं की नेमकं काय होणार, हेही कळायला वेळ लागला. शेपच्या कडेवर क्लिक केलं तर अखंड रेघेची चौकट दिसते, म्हणजे पूर्ण शेप निवडलेला आहे. मजकुरावर क्लिक केलं तर चौकट तुटक होते, म्हणजे कर्सर आत आहे. फरक बारीक आहे, पण अखंड चौकट असताना एक अक्षर पुसायला डिलीट दाबलं की अक्षर नाही, रॅकच जातो. माझे असे बरेच रॅक गेले. कंट्रोल-झेडने परत आले, एकदा मात्र तसाच सेव्ह करून घरी गेलो आणि दुसऱ्या दिवशी आर-41 कुठे गेला म्हणून यादी धुंडाळत बसलो.

एंटरचा गोंधळ तर अजून सुटलेला नाही. सेलमध्ये एंटर म्हणजे काम संपलं आणि नवी ओळ हवी तर ऑल्ट-एंटर. शेपमध्ये एंटर म्हणजेच नवी ओळ, आणि बाहेर पडायचं तर एस्केप. दिवसभर सेलमध्ये काम करणारा हात शेपमध्येही एंटर मारतो, खाली एक रिकामी ओळ तयार होते आणि मध्यभागी घेतलेला मजकूर किंचित वर सरकतो. प्रिंट काढल्यावर 84 पैकी दहाबारा रॅकचे नंबर वर चिकटलेले दिसले, ते यामुळेच. देवनागरीत आणखी एक गंमत आहे. 'क्रमांक' मधल्या 'क्र'नंतर कर्सर ठेवून बॅकस्पेस दिलं तर फक्त 'र' जातो आणि पाय मोडका 'क्' उरतो; 'क्र'च्या आधी ठेवून डिलीट दिलं तर पूर्ण जोडाक्षर जातं. 8 च्या फॉन्टमध्ये तो पाय मोडका 'क्' डोळ्याला दिसतही नाही.

सगळ्यात मोठा धक्का दुसऱ्या महिन्यात बसला. यादीवर फिल्टर लावला आणि नकाशातले अर्धे रॅक चेपून एकेका रेघेएवढे झाले. चूक माझी होती. नकाशा आणि यादी मी एकाच शीटवर शेजारीशेजारी ठेवले होते. नवा शेप 'मूव्ह अँड साइझ विथ सेल्स' या गुणाने जन्माला येतो, म्हणजे खालच्या रो लपल्या की शेपही दबतो. प्रॉपर्टीजमध्ये जाऊन 'डोंट मूव्ह ऑर साइझ' केलं की सुटका होते. नकाशा वेगळ्या शीटवर नेला, तेव्हापासून निर्धास्त आहे. पण तोवर कॉपी-पेस्टमध्ये काही चेपलेले शेप रोबरोबर दुसरीकडेही गेले होते. न दिसणारी ही पिलावळ फाइल जड करते. एफ-5, मग स्पेशल, मग ऑब्जेक्ट्स असं केलं की शीटवरच्या सगळ्या वस्तू निवडल्या जातात. ऑल्ट-एफ-10 ने उघडणाऱ्या सिलेक्शन पेनमध्ये त्यांची नावं दिसतात. तिथे माझ्या 84 रॅकच्या जागी 131 आयत निघाले.

आणि एक दिवस सगळा नकाशाच गेला. रॅक नाहीत, बाण नाहीत, पांढरं शीट. शेप्सचं बटणही फिकट पडलेलं. फाइल खराब झाली समजून मी आदल्या आठवड्याची प्रत शोधली, ती उघडली आणि सुटकेचा श्वास टाकला. कंट्रोल-5 दाबताना, म्हणजे अक्षरांवर काट मारताना, माझं बोट कंट्रोल-6 वर पडलं होतं. त्या कळेने शीटवरच्या वस्तू लपतात आणि पुन्हा दाबली की दिसतात. एवढंच. तास गेला तो वेगळा.

मग मुख्य गोष्ट. पाचव्या महिन्यात 'पॅकिंग' विभागाचं नाव बदलून 'पाठवणी' झालं. नकाशात आणि फ्लोचार्टमध्ये मिळून तो शब्द चाळीसएक बॉक्समध्ये होता. कंट्रोल-एफ लावलं, एक्सेल म्हणालं काही सापडलं नाही. कारण हा शोध सेलमध्ये बघतो, शेपच्या पोटात बघत नाही. हाताने करायचं नव्हतं म्हणून वाकडी वाट धरली: फाइलची प्रत केली, तिच्या नावाचं .xlsx हे शेपूट बदलून .zip केलं आणि आत शिरलो. एक्सेलची आजची फाइल मुळात झिपच असते. आत 'ड्रॉइंग्ज' नावाचा फोल्डर, त्यात प्रत्येक नकाशाची एक एक्सएमएल फाइल आणि तिच्यात प्रत्येक बॉक्सचा मजकूर साध्या अक्षरांत. शोधा-बदला केलं, पुन्हा झिप, पुन्हा जुनं शेपूट. 37 बदलले, तीन राहिले. त्या तिघांत कधीतरी मी शब्दाचा अर्धा भाग ठळक केला होता, त्यामुळे फाइलमध्ये 'पॅ' एका तुकड्यात आणि 'किंग' दुसऱ्या तुकड्यात पडला होता. हा उद्योग मूळ फाइलवर करू नका.

त्याच रात्री ठरवलं, शेपमध्ये हाताने लिहिणं बंद. बॉक्स निवडायचा, वर फॉर्म्युला बारमध्ये जायचं, बरोबरचं चिन्ह (=) टाकून यादीतल्या सेलवर क्लिक करायचं आणि एंटर. यापुढे सेलमध्ये जे असेल ते बॉक्समध्ये दिसतं. फॉर्म्युला बारमध्ये इथे पूर्ण फॉर्म्युला चालत नाही, फक्त सेलचा पत्ता. म्हणून यादीत एक जादा कॉलम घेतला, त्यात नंबर आणि माल जोडले आणि मध्ये नवी ओळ पाडणारा कॅर(10), म्हणजे CHAR(10), ठेवला, की बॉक्समध्ये दोन ओळी पडतात. प्रत काढलेला बॉक्स मात्र जुन्याच सेलकडे बघत राहतो, त्यामुळे 84 जोडण्या एकेक करून केल्या. एक संध्याकाळ गेली. त्यानंतर आर-17 मधला माल बदलला की यादीत एकदा लिहायचं, नकाशा आपला आपण बदलतो. शोधही यादीत लागतो. मर्यादा आहेत: 255 अक्षरांपुढचा मजकूर बॉक्समध्ये येत नाही, एका बॉक्समध्ये अर्धं ठळक अर्धं साधं करता येत नाही, आणि यादीत कंडिशनल फॉरमॅटिंगने, म्हणजे ठरवलेली अट पुरी झाल्यावर आपोआप, लाल झालेला सेल बॉक्सला लाल करत नाही. या तिसऱ्याची मला खरोखर चुटपुट आहे, कारण संपत आलेला माल नकाशावर लाल दिसावा हीच मूळ हौस होती.

म्हणून आता पुन्हा सुरुवात केली तर रॅक शेपने काढणारच नाही. सरळ आयत आहेत ते, सेलला जाड बॉर्डर आणि रंग दिला की रॅक तयार. त्यात शोध चालतो, लाल रंग चालतो आणि एंटर एंटरसारखा वागतो. शेप ठेवायचे ते बाणांना, गोल खांबांना आणि तिरक्या उतारांना.

फ्लोचार्टसाठी मात्र शेपच हवेत आणि तिथे काम छान होतं. जोडरेषेचं टोक शेपच्या ठिपक्यावर नेलं की ते हिरवं होतं, म्हणजे पकडलं. मग बॉक्स कुठेही हलवा, बाण मागे येतो. ग्रुप केलेल्या शेपमधलाही मजकूर ग्रुप न सोडता बदलता येतो. फ्लोचार्टला मी नि:शंक शिफारस करेन.

प्रिंटवर विसंबू नका. पडद्यावर काठोकाठ बसलेली ओळ कागदावर शेवटचं अक्षर गमावते, त्यामुळे मी प्रत्येक बॉक्समध्ये एका अक्षराची जागा मोकळी सोडतो. एका सहकाऱ्याने फाइल वेगळ्या स्प्रेडशीट प्रोग्रामात उघडली, त्याच्याकडे माझा फॉन्ट नव्हता, आणि सगळे नंबर रॅकबाहेर लोंबत होते. आता बघणाऱ्यांना पीडीएफ आणि बदलणाऱ्यांनाच मूळ फाइल. नकाशाच्या शीटला प्रोटेक्ट लावलंय, 'एडिट ऑब्जेक्ट्स'ची खूण काढून. तेव्हापासून आर-41 जागेवर आहे.