चौथा रकाना : वाइतांगी कराराचा वर्ग, आठ महिन्यांनंतर

न्यूझीलंडमधल्या हॅमिल्टनला येऊन आम्हाला सहा वर्षं झाली. नागरिकत्वाच्या अर्जाची जमवाजमव चालली होती, तेव्हा कामावरच्या एका मैत्रिणीने आग्रह धरला म्हणून नवागतांसाठीच्या ‘ते तिरिती ओ वाइतांगी’ वर्गात नाव नोंदवलं. म्हणजे वाइतांगीचा करार, 1840 मध्ये ब्रिटनची राणी व्हिक्टोरिया आणि इथले मूळ रहिवासी माओरी यांच्या सरदारांमध्ये झालेला. पाच शनिवार, सकाळी दहा ते एक, फी काही नाही, शिवाय घरी न्यायला एक छापील वही. वर्ग संपून आठ महिने झाले, तरी ती वही माझ्या हाताशीच असते. मराठी मंडळींपैकी कुणी जायचं की नाही या विचारात असेल तर त्यांच्यासाठी हे लिहितेय.

आम्ही पंधरा-सोळा जण होतो. निम्मे माझ्यासारखे, नोकरीच्या व्हिसावर आलेले. बाकीचे निर्वासित, अफगाणिस्तान, कोलंबिया आणि म्यानमारचे. ऑकलंडच्या मांगेरे इथल्या निर्वासित केंद्रात पहिले काही आठवडे काढून मग इथे घर मिळालेले. शिकवणाऱ्या माओरी बाईंनी पहिल्या दिवशी प्रत्येकाला आपला डोंगर आणि आपली नदी सांगायला लावली. मी अजिंक्यतारा आणि कृष्णा म्हणाले आणि गळा दाटून आला. इथे आल्यापासून मला हे कुणी विचारलंच नव्हतं.

खरी गंमत दुसऱ्या शनिवारी. वहीत एका पानावर चार रकाने आहेत. पहिल्यात 1840 चा माओरी मजकूर, दुसऱ्यात इंग्रजी मजकूर, तिसऱ्यात त्या माओरी मजकुराचं आजचं इंग्रजी भाषांतर. चौथा रकाना रिकामा, त्यावर फक्त ‘तुमच्या भाषेत’ असं छापलेलं.

पहिलं कलम. इंग्रजीत लिहिलंय की सरदारांनी सार्वभौम सत्ता राणीला दिली. माओरीत त्या जागी ‘कावानातांगा’ हा शब्द आहे, म्हणजे ‘गव्हर्नर’वरून घडवलेला. 4 फेब्रुवारीच्या रात्री हेन्री विल्यम्स या मिशनऱ्याने आणि त्याच्या मुलाने बसून हे भाषांतर केलं, 5 तारखेला वाद झाला आणि 6 तारखेला सह्या सुरूही झाल्या. मी चौथ्या रकान्यात लिहिलं, ‘कारभार’.

दुसरं कलम. आपल्या जमिनी, गावं आणि ‘ताओंगा’, म्हणजे जे जे मोलाचं ते सगळं, यांवरची ‘तिनो रंगातिरातांगा’ सरदारांकडे आणि लोकांकडेच राहील. मी ‘मालकी’ लिहिलं. खोडलं. ‘हक्क’ लिहिलं, तेही खोडलं. खोडून खोडून कागद तिथे पातळ झालाय, अजून हाताला लागतो. शेवटी लिहिलं, ‘स्वराज्य’.

मग दोन ओळी एकाखाली एक वाचल्या. कारभार त्यांचा, स्वराज्य आमचं. अशा कागदावर सही करणाऱ्या माणसाला आपण राज्य देऊन टाकलंय असं वाटेल तरी कसं? देशभर फिरवलेल्या प्रतींवर पाचशेहून जास्त रंगातिरांनी, म्हणजे सरदारांनी, सह्या केल्या, त्या जवळजवळ सगळ्या माओरी मजकुरावर. इंग्रजीवरच्या सह्या फक्त 39. उत्तरेकडच्या सरदारांनी सार्वभौमत्व सोडलं नव्हतं, असा निष्कर्ष करारभंगाच्या तक्रारी तपासणाऱ्या वाइतांगी लवादाने 2014 मध्ये दिला, आणि त्या पानामुळे तो मला पुस्तक न उघडता कळला.

याला मराठीत ‘तह’ म्हणायचं का, यावर घरी आम्ही बरेच भांडलो. सासऱ्यांना तह म्हटला की पुरंदर आठवतो, नाहीतर 1802 चा वसईचा. दोन्हीकडे एक बाजू पेचात सापडलेली. इथे 1840 मध्ये माओरी हरलेले नव्हते. गोरे होते दोन हजारांच्या आसपास, माओरी त्यांच्या कितीतरी पट. म्हणून मी ‘करार’ म्हणते.

तिसऱ्या शनिवारी अफगाण मावशींनी दुभाष्यामार्फत विचारलं, “मग कागद राहिला आणि जमीन गेली, असंच ना?” बाईंनी आम्हाला नदीकाठी नेलं. वाइकातोचे थोर सरदार ते फेरोफेरो यांनी करारावर सही केलीच नव्हती. तरी 1863 मध्ये सरकारी सैन्य इथे घुसलं, जमीनजप्तीचा कायदा झाला आणि सुमारे 12 लाख एकर गेले. 1864 मध्ये किरिकिरिरोआ या माओरी गावाच्या जागी सैनिकांची वसाहत बसली, तेच आजचं हॅमिल्टन. 1995 मध्ये 17 कोटी डॉलरचा समझोता झाला आणि माफीचा कायदा राणी एलिझाबेथने स्वतः सही करून दिला. आमचं हप्त्याचं घर त्याच जप्तीच्या जमिनीवर आहे. त्या दिवशी घरी आल्यावर मी बराच वेळ अंगणात उभी होते. मावशींनी मात्र काठावरची मूठभर माती उचलून हुंगली आणि जपून परत ठेवली.

आता उणिवा, कारण त्याही तितक्याच खऱ्या आहेत. दुभाषे दोनच होते. रोहिंग्या बाईंसाठी कुणीच नव्हतं, त्यांचा चौदा वर्षांचा मुलगा जप्ती आणि जाळपोळ आईला सांगत बसला. हे त्याच्यावर टाकायला नको होतं. लहान मुलं सांभाळायची सोय नव्हती, त्यामुळे दोन आया तिसऱ्या आठवड्यानंतर आल्याच नाहीत. आणि 1975 पासूनचं सगळं शेवटच्या तासात उरकलं. माओरी जमिनींसाठी फिना कूपर यांनी काढलेला मोर्चा, लवादाची स्थापना, 1987 मध्ये माओरी भाषेला मिळालेला अधिकृत दर्जा, सगळं धावतपळत. नोव्हेंबर 2024 च्या प्रचंड मोर्चाबद्दल आणि ज्याच्या विरोधात तो निघाला त्या, कराराची तत्त्वं नव्याने ठरवू पाहणाऱ्या आणि 10 एप्रिल 2025 ला 112 विरुद्ध 11 मतांनी पडलेल्या विधेयकाबद्दल तर चकार शब्द नाही. बातम्या बघून गोंधळलेल्या माणसाला नेमकं तेच हवं असतं.

आठ महिन्यांत वापर काय झाला? मी वृद्धाश्रमात काम करते. डोक्याची उशी पायाखाली घ्यायची नाही, हा माओरी रीतीचा नियम आधी पाठ होता, आता त्यामागचा मान कळतो. मुलीच्या शाळेत पोफिरी, म्हणजे माओरी पद्धतीचं स्वागत, झाली तेव्हा आपण कुणाच्या घरात पाहुणे म्हणून उभे आहोत हे माहीत होतं. चौथ्या रकान्याच्या झेरॉक्स मी आमच्या रविवारच्या मराठी वर्गात वाटल्या. एका नऊ वर्षांच्या मुलाने ‘ताओंगा’पुढे ‘आजीची भाषा’ असं लिहिलं.

पुढची तुकडी सुरू होतेय. हिंदी-मराठीसाठी मी दुभाषी म्हणून जाणार आहे, मुलं सांभाळायला दोघी जणी तयार झाल्यात. येणार असाल तर पेन्सिल आणि चांगलं खोडरबर घेऊन या, पेनाने लिहू नका.