ज्या हाताला खाज सुटली, त्याच हाताने सही केली

८६,९९९ रुपये. आकडा आधीच सांगून टाकतो, म्हणजे ‘नक्की किती गेले हो काका?’ असं कोणाला विचारायला नको. पाणी मऊ करायचं मशीन, म्हणजे सॉफ्टनर, ५८,८००, बसवणावळ ३,५००, शॉवरला लावायची दोन कार्ट्रिज ४,८००, ‘त्वचाशुद्धी किट’ १८,९०० आणि कर्जाची प्रोसेसिंग फी ९९९. बेरीज करून बघा, बरोबर येईल. बेरजेत मी चुकत नाही. पतसंस्थेच्या वसुली खात्यात २७ वर्षं काढली. कर्जदाराने खोटं बोलायला तोंड उघडलं की मला कळतं, अशी माझी ख्याती होती. होती.

सोसायटीत मोफत पाणी तपासणीचा स्टॉल, टाय लावलेला मुलगा, दोन ग्लास, एकातलं पाणी गढूळ, दुसऱ्यातलं स्वच्छ. हा खेळ तुम्ही पाहिला असेल. मीही पाहिला होता. दोन वर्षांपूर्वी शेजाऱ्याला ‘याच्या नादी लागू नका’ असं मीच सांगितलं होतं. तरी फसलो, कारण या वेळी त्याने पाण्याचं नाही, माझ्या खाजेचं बोलणं काढलं.

२०२२ च्या दिवाळीपासून हे सुरू आहे. आंघोळ करून अंग पुसलं की पाच-सात मिनिटांत आधी मांड्या, मग दंड, मग पोट. कोणी खाजकुयली चोळावी तसं. वरून खाजवून काही होत नाही, कारण खाज वर नसतेच, कातडीच्या आत कुठेतरी असते. चाळीस-पंचेचाळीस मिनिटं पलंगाच्या कडेला मुठी आवळून बसायचं. आणि अंगावर काही नाही! पुरळ नाही, पित्ताच्या गांधी नाहीत, लाली नाही. बायको चष्मा लावून बघायची आणि म्हणायची, “अहो, काहीच तर दिसत नाही.” गरम पाणी, गार पाणी, साबण लावून, न लावता, सगळं करून झालं. पावसात भिजलो तरी तेच.

डॉक्टर तीन झाले. पहिल्यांनी ॲलर्जीच्या गोळ्या दिल्या, त्यांनी नुसती झोप आली. दुसऱ्यांनी ८०० रुपये फी घेऊन खरजेचं लोशन अख्ख्या घराला लावायला लावलं. गाद्या, चादरी, सुनेच्या साड्यासुद्धा उकळत्या पाण्यात. सून काही बोलली नाही, पण तिची नजर मी विसरलेलो नाही. तिसरे म्हणाले, “निवृत्ती जवळ आलीय ना? टेन्शन असेल.” ‘खाज’ हा शब्दच असा आहे की चारचौघांत उच्चारला की लोक गालात हसतात. ऑफिसात सांगायची सोय नाही. मी दिवसाआड आंघोळ करू लागलो, तेही लपवून. छप्पन्न वर्षांचा माणूस बाथरूममध्ये नुसता नळ सोडून उभा राहतो, ही वेळ ज्याच्यावर आली नाही त्याने मला अक्कल शिकवू नये.

११ फेब्रुवारी २०२४, रविवार. क्लब हाऊसमध्ये बायकांचं हळदीकुंकू आणि बाहेर हा स्टॉल. आम्ही पुण्यात नगर रोडला वाघोलीच्या बाजूला राहतो, बारा महिने टँकर. बादलीला पांढरे थर चढतात, गीझरची कॉइल वर्षात जाते. त्यामुळे ‘पाणी वाईट आहे’ हे आम्हाला पटवावं लागत नाही. मुलाने विचारलं, “काका, आंघोळीनंतर घरात कोणाला खाज वगैरे?” दीड वर्षात पहिल्यांदा कोणीतरी न हसता विचारलं. मीच त्याला घरी घेऊन आलो. मीच चहा सांगितला.

डायनिंग टेबलावर त्याने नळाचा आणि आमच्या आरओचा असे दोन ग्लास ठेवले. पेनासारखा मीटर बुडवला. नळाचं टीडीएस, म्हणजे पाण्यात विरघळलेले क्षार, ८४०, आरओचं ३८. मग ते चार सळ्यांचं यंत्र दोन्ही ग्लासांत ठेवून बटण दाबलं. मिनिटाभरात नळाचं पाणी आधी पिवळट, मग काळपट-हिरवं, वर तपकिरी फेस. आरओचं जसंच्या तसं. “काका, हे रोज तुमच्या अंगावर जातं.” मला मळमळलं, खरं सांगतो.

आता ते ऐका, ज्यासाठी मी रात्री अजून जागा होतो. यंत्र उचलताना त्याचा धक्का लागून आरओचा ग्लास कलंडला. पाणी माझ्या उजव्या हातावर, मनगटापासून कोपरापर्यंत. मी पुसलं. तो फॉर्म भरत होता. पाच मिनिटं झाली असतील, आणि त्या हाताला खाज सुटली. त्याच हाताला, तेवढ्याच भागाला. आरओचं पाणी! टीडीएस ३८! जे तो ‘शुद्ध’ म्हणून दाखवत होता, ते! डाव्या हाताने उजवं मनगट खाजवत खाजवत मी उजव्या हाताने चार ठिकाणी सह्या केल्या.

बायकोच्या लक्षात आलं होतं. ती स्वयंपाकघराच्या दारातून म्हणाली, “अहो, हे तर पिण्याचं पाणी होतं ना?” मी काय म्हणालो? “तू जरा गप्प बस.” तिने त्यानंतर आजवर हा विषय काढलेला नाही. काढला असता तर बरं झालं असतं.

१२,००० रुपये लगेच यूपीआयने दिले. खातं कंपनीचं नव्हतं, कोणा व्यक्तीचं होतं. “काका, कंपनीचा क्यूआर आज डाऊन आहे.” हे वाक्य मला एखाद्या थकबाकीदाराने ऐकवलं असतं तर मी त्याला दारातून हाकललं असतं. उरलेले ४६,८०० नऊ हप्त्यांत, दर महिना ५,२००, ‘शून्य टक्के’. ओटीपी मीच वाचून दाखवला. ‘२१ दिवसांत खाज गेली नाही तर पूर्ण पैसे परत’ ही हमी फक्त तोंडी. बिलावर काय होतं? ‘पाण्याचा जडपणा कमी करण्याचे उपकरण’. बस. खाज हा शब्द बिलावर कुठेही नाही. बिल मी वाचलं नाही. दुसऱ्यांच्या कर्जरोख्यांवरची बारीक अक्षरं आयुष्यभर वाचणारा मी.

मशीन बसलं. साबणाला फेस चांगला येऊ लागला, हे कबूल करतो. खाज होती तिथेच. भेट म्हणून मिळालेलं पेन बुडवून बघितलं, टीडीएस ८४० च्या आसपासच. फोन केला तर म्हणाला पेन बिघडलंय. पेन ठणठणीत होतं. सॉफ्टनर पाण्यातलं कॅल्शियम-मॅग्नेशियम काढून त्या जागी सोडियम सोडतो, म्हणून जडपणा जातो आणि टीडीएस बहुतेक तसंच राहतं. म्हणजे ज्या आकड्याची भीती घालून त्याने वस्तू विकली, तो आकडा कमी करणं त्या वस्तूचं कामच नव्हतं! हे मला डिप्लोमाला असलेल्या भाच्याने सांगितलं. त्याने तसंच सळ्यांचं यंत्र ऑनलाइन मागवलं, ४५० रुपयांना. आरओच्या पाण्यात चिमूटभर मीठ टाकलं आणि बटण दाबलं. तस्साच चिखल. घाण पाण्यात नव्हतीच मामा, म्हणाला, लोखंडाच्या सळया झिजून गंज उतरतो. क्षार असले की वीज वाहते, म्हणून नळाच्या पाण्यात होतं आणि आरओत होत नाही. तुमच्याकडे कोणी आला तर चिमूटभर मीठ हाताशी ठेवा.

पण मला मीठ सापडायच्या आधी मी अजून १८,९०० घालवले होते. खाज जात नाही म्हटल्यावर त्याने सांगितलं, “आता आतलं विष बाहेर पडतंय, आधी वाढणारच.” आणि तीन महिन्यांच्या पुड्या दिल्या. सकाळ-संध्याकाळ कोमट पाण्यातून. पुडीवर परवाना क्रमांक नाही, बनवणाऱ्याचा पत्ता नाही, घटकांच्या जागी ‘वनौषधी’ एवढंच. सहा आठवडे घेतल्या. ॲसिडिटी झाली, दुसरं काही नाही. परवाना क्रमांक नसलेली कुठलीही पुडी, ती नातेवाइकाने आणून दिली तरी, तोंडात घालू नका.

मग त्याचा फोन बंद. टोल फ्रीवर गाणं वाजतं.

आता सरकारी पायऱ्या. पोलीस ठाण्यात पहिल्या दिवशी साहेब नव्हते. दुसऱ्या दिवशी साहेब होते, पण बंदोबस्ताच्या घाईत. तिसऱ्या दिवशी ठाणे अंमलदाराने विचारलं, “सही तुमचीच ना काका? मशीन मिळालं ना? मग फसवणूक कसली? दिवाणी मामला आहे.” मी खाजेचं सांगितलं तर बाजूच्या टेबलावरचा म्हणाला, “मग आंघोळच करू नका!” आणि दोघं हसले. यूपीआय आहे म्हणून सायबरकडे पाठवलं. सायबरवाले म्हणाले, ओटीपी तुम्ही स्वतः दिला, पैसे स्वतः पाठवले, यात सायबर काही नाही, ठाण्यात जा. पुड्यांचं घेऊन दुसऱ्या कचेरीत गेलो. तिथे सीलबंद नमुना हवा होता. नशिबाने एक डबा न उघडलेला होता, तो घेऊन परत गेलो, तर संबंधित अधिकारी दौऱ्यावर. चार चकरा. चौथ्या वेळी शिपायाने मला ‘ते पुडीवाले काका’ म्हणून ओळखलं. १९५४ पासून चमत्कारी उपचारांच्या जाहिरातींविरुद्ध कायदा आहे या देशात! सत्तर वर्षांचा कायदा, आणि त्याला माझी एक पुडी ठेवून घ्यायला कपाट सापडेना. एका हेल्पलाईनने तक्रार क्रमांक दिला आणि महिन्याने ‘कंपनीकडून प्रतिसाद नाही, तक्रार बंद’ असा मेसेज पाठवला. म्हणजे चोर बोलत नाही म्हणून तक्रार बंद! आणि कर्जवाले? त्यांचं म्हणणं, मशीनचा करार वेगळा, कर्जाचा वेगळा. रागाने एक हप्ता थांबवला तर ५९० रुपये दंड आणि सिबिल घसरलं. वसुलीचा फोन करणाऱ्या मुलाची वाक्यं मला तोंडपाठ होती. आमच्याच खात्यातली.

जिल्हा ग्राहक आयोगात तक्रार केली आहे. तिथलं एक बरं, पाच लाखांपर्यंतच्या व्यवहाराला फी नाही, आणि कंपनी कुठलीही असो, आपण राहतो त्या जिल्ह्यात तक्रार करता येते. मुदत दोन वर्षांची, ती मात्र विसरू नका. माझी पहिली नोटीस ‘सदर पत्त्यावर राहत नाही’ शेरा मारून परत आली. बिलावरचा पत्ता परराज्यातला एक बंद गाळा निघाला. पैसे देण्यापूर्वी पत्ता बघून घ्या, नंतर बघून काय उपयोग.

खाजेचं काय झालं, ते राहिलंच. भाच्यानेच सरकारी रुग्णालयाच्या त्वचा विभागात नेलं. तिथल्या मॅडम वयाने माझ्या मुलीएवढ्या. त्यांनी विचारलं, पाणी लागल्यावर किती मिनिटांनी, किती वेळ, गांधी उठतात का, घाम आल्यावर होतं का. मग इंजेक्शनसाठी असतं ते डिस्टिल्ड वॉटर घेतलं, कापसाचा बोळा भिजवला आणि माझ्या उजव्या हातावर ठेवला. सहाव्या मिनिटाला मी खाजवू लागलो. अंगावर काही नाही. ज्यात क्षारच नाहीत त्या पाण्याने! मी त्यांना टेबलावर सांडलेल्या ग्लासाची गोष्ट सांगितली. त्या म्हणाल्या, “मग तुमची तपासणी त्याच दिवशी झाली होती की.”

याला ॲक्वाजेनिक प्रुरायटस म्हणतात. पाणी कसलंही असो, गरम असो की गार, ते लागलं की खाज, आणि दिसायला काही नाही. गांधी उठत असतील तर तो निराळा आजार. मॅडमनी सीबीसी, म्हणजे रक्तपेशी मोजायची तपासणी, करायला लावली, कारण पॉलिसायथेमिया व्हेरा नावाच्या रक्ताच्या आजारात अशी खाज येते, कधी कधी तो आजार दिसण्याच्या कित्येक वर्षं आधीपासून. त्यात रक्तपेशी वाढून रक्त दाट होतं. माझं हिमोग्लोबिन १५.१, हिमॅटोक्रिट (रक्तातला लाल पेशींचा वाटा) ४५, बाकी सगळं ठीक. दर वर्षी परत करायला सांगितली आहे. सीबीसी ३०० रुपयांत होते. ज्यांना असा त्रास आहे त्यांनी मशीनवाल्याला दार उघडण्याआधी ती करून घ्या.

आणि कारण? मॅडम म्हणाल्या, “तुमच्या बाबतीत कारण सापडलेलं नाही.” इतकं सरळ. मला तेव्हा कळलं मी काय विकत घेतलं होतं ते. मला मशीन नकोच होतं, मला कारण हवं होतं, आणि त्या टायवाल्याकडे ते तयार होतं, ग्लासात घालून.

सध्या आठवड्यातून तीनदा यूव्हीबीच्या, म्हणजे अतिनील किरणांच्या, कपाटात गॉगल लावून उभा राहतो. आंघोळ पाच मिनिटांत, पाण्यात खायचा सोडा. त्याचा काहींना उपयोग होतो असं मॅडम म्हणाल्या, मला थोडा होतो. पंचेचाळीस मिनिटांची खाज पंधरा-वीसवर आली आहे. गेलेली नाही. जाईल असं मॅडमनीही सांगितलेलं नाही, म्हणूनच त्यांच्यावर विश्वास बसतो.

गेल्या महिन्यात खराडीच्या एका सोसायटीच्या ग्रुपवर तोच टाय दिसला, तेच दोन ग्लास. मी सगळं लिहिलं, बिलाच्या फोटोसकट. ॲडमिनने पोस्ट उडवली, ‘व्यावसायिक वाद ग्रुपवर नकोत’. स्टॉलची जागा भाड्याने दिली असणार, दुसरं काय. तुमच्या कमिटीने असे स्टॉल लावू दिले तर भाडं किती घेतलं ते सभेत विचारा.

मशीन अजून बाथरूमच्या भिंतीवर आहे. भंगारवाला ७०० रुपये म्हणाला. दिलं नाही, आयोगापुढे दाखवावं लागेल असं वकील म्हणतात. सून त्याच्यावर ओले टॉवेल वाळत घालते.