अल्डेफ्लोर किट: मेलानोमावर (त्वचेच्या एका कॅन्सरवर) काम करणाऱ्या लॅबनी घ्यावं का?

घ्या, फक्त ते नेमकं काय मोजतं हे आधी डोक्यात पक्कं करा: जिवंत पेशीतलं एएलडीएच हे एन्झाइम किती काम करतंय ते. जुलाबावरचं जुनं निफ्युरॉक्साझाइड मेलानोमाच्या स्टेम सेल्सवर (नवी गाठ उभी करू शकणाऱ्या पेशींवर) वापरून बघताय ना, मग हे किट हवंच, कारण ते औषध प्रो-ड्रग आहे, पेशीतल्या एएलडीएच१ (एएलडीएचचाच एक गट) एन्झाइमने त्याला ॲक्टिव्ह केलं की मगच ते मारतं, एडिंबराच्या ग्रुपने २०१८ मध्ये हे दाखवलं. म्हणजे एन्झाइम किती आहे यापेक्षा ते चालू आहे का हे महत्त्वाचं, आणि एन्झाइमला नुसती चिकटणारी अँटीबॉडी ते सांगत नाही, हे किट सांगतं.

वापरायला तसं सोपं आहे. सबस्ट्रेट पेशीत शिरतो, एन्झाइम त्याला चार्जवाला करून टाकतं, तो आत अडकतो आणि पेशी हिरवी दिसते, शिवाय पेशी जिवंत राहतात त्यामुळे सॉर्ट करून (हिरव्या वेगळ्या काढून) पुढे वाढवता येतात. एकच, डीईएबीची (हे एन्झाइम बंद पाडणारं रसायन, म्हणजे कंट्रोल) ट्यूब आधीच तयार ठेवा, टेस्ट ट्यूबमध्ये सबस्ट्रेट पडला रे पडला की मिक्स करून लगेच अर्धा मिली तिकडे, रेंगाळलात तर कंट्रोलसुद्धा हिरवा आणि मग गेट (हिरवं कुठून धरायचं ती सीमा) लावत बसा. ३७ डिग्रीला ३० ते ६० मिनिटं, त्यानंतर सगळं बर्फावर आणि किटच्याच बफरमध्ये, कारण रंग बाहेर फेकणारे पेशीचे पंप बंद ठेवणारं औषध त्या बफरमध्येच असतं. सवयीने पीबीएसने (नेहमीच्या मिठाच्या बफरने) धुतलंत की रंग गेलाच.

आता कमी कुठे पडतं. कुठला आयसोफॉर्म (एन्झाइमचा उपप्रकार) ते कळत नाही, १ए१, १ए३, सगळं एकाच हिरव्यात, आणि निफ्युरॉक्साझाइड तर एएलडीएच२ पेक्षा एएलडीएच१ कडूनच जास्त ॲक्टिव्ह होतं, तेव्हा नॉकडाउन (एकेका आयसोफॉर्मचं जीन दाबून बघणं) वेगळं करावंच लागतं. त्याहून मोठी भानगड म्हणजे हे औषध एन्झाइमलाच ऑक्सिडाइझ करतं, मग ट्रीटमेंटनंतर हिरव्या पेशी कमी दिसल्या तर त्या मेल्या की एन्झाइम बंद पडलं? नुसत्या किटवरून काही सांगता येणार नाही, सोबत डेड-सेल डाय हवाच, शक्यतो औषधाआधीच सॉर्ट करून मग कॉलनी मोजा.

आणि हिरवी दिसली म्हणून लगेच स्टेम सेल म्हणू नका हो, मेलानोमात हा वाद जुनाच आहे, २००८ मध्ये प्रतिकारशक्ती जवळपास नसलेल्या उंदरांत साधारण चारातल्या एका पेशीने गाठ केली होती, मग स्टेम सेल म्हणजे मोजक्याच खास पेशी असं कसं म्हणायचं?

माझ्याकडून पाचपैकी चार स्टार, एक आयसोफॉर्मसाठी कापला.